रिहला (विद्येसाठी प्रवास)

रिहला म्हणजे विद्येसाठी केलेला प्रवास. एखादी हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतीची नोंद), एखादा ग्रंथ किंवा एखादे उस्ताद जिथे असतील तिथवर स्वतः जायचे, समोर बसून ऐकायचे, लिहून घ्यायचे आणि लिहिलेले त्यांनाच वाचून दाखवायचे, अशी ही इस्लामी प्रथा आहे. मध्ययुगात अंदालुसपासून (मुस्लिम स्पेन) मध्य आशियापर्यंत ती जोमात होती. मुस्लिम विद्वानांची थोरवी सांगताना बहुधा त्यांच्या ग्रंथांची यादी दिली जाते. ते ग्रंथ ज्या पायपिटीतून उभे राहिले ती मागे पडते आणि श्रद्धावंताला खरे शिकण्यासारखे आहे ते तिथेच.

प्रथेचे मूळ एका अडचणीत आहे. पैगंबर मुहंमद यांचे 632 मध्ये मदिनेत निधन झाले. त्यांना पाहिलेले-ऐकलेले सहाबी पुढच्या काही दशकांत कूफा, बसरा, दमास्कस, इजिप्त असे दूरवर पांगले. पैगंबरांची जी उक्ती एकाने ऐकली होती, ती दुसऱ्याने ऐकलेली असेलच असे नव्हते. ती हवी असेल तर त्या माणसाकडे जाणे हाच मार्ग होता. हजरत जाबिर बिन अब्दुल्लाह यांना कळले की एक हदीस प्रत्यक्ष पैगंबरांकडून ऐकलेले अब्दुल्लाह बिन उनैस शाममध्ये (सीरियाचा प्रदेश) आहेत. त्यांनी उंट विकत घेतला आणि महिनाभराची वाट तुडवून त्यांचे दार गाठले. ती ऐकण्याआधी आपल्या दोघांपैकी कुणाला मरण येईल अशी भीती वाटली, असे त्यांनी दारातच सांगितले. ती हदीस कयामतच्या दिवशी होणाऱ्या हिशेबाची होती. कुणाचे देणे डोक्यावर असताना जन्नतमध्ये जाता येणार नाही, असा तिचा आशय. हजरत अबू अय्यूब अन्सारी असेच मदिनेहून इजिप्तला गेले, उक्बा बिन आमिर यांच्याकडून श्रद्धावंताचे दोष झाकण्याविषयीची हदीस पक्की करून घेतली आणि मुक्काम न करता आल्या पावली परतले. दोघेही स्वतः पैगंबरांचे सोबती होते. ‘आम्हाला ठाऊक आहे’ म्हणून ते घरी बसले असते तरी कुणी बोल लावला नसता.

कुरआनात या प्रवासाला आधार आहे. सूरह तौबाच्या 122व्या आयतीत प्रत्येक समूहातल्या काही जणांनी धर्माची समज मिळवावी आणि परतल्यावर आपल्या लोकांना सावध करावे असे म्हटले आहे. परतणे हा त्यातला अर्धा भाग आहे. सूरह कहफमध्ये हजरत मूसा स्वतः पैगंबर असूनही अल्लाहच्या एका बंद्याकडे शिकायला जातात. परंपरा त्या बंद्याला खिज्र म्हणते. विद्येच्या शोधात वाट धरणाऱ्यासाठी अल्लाह जन्नतची वाट सोपी करतो, ही हदीस ‘सहीह मुस्लिम’ या प्रमाण हदीससंग्रहात आहे. ‘विद्या शोधा, चीनला जावे लागले तरी’ हे वचन मात्र सभा-संमेलनांत सर्वांत जास्त ऐकू येत असले तरी हदीसशास्त्र्यांच्या कसोटीला उतरलेले नाही. बैहकी यांनी त्याची सनद (सांगणाऱ्यांची साखळी) कमजोर ठरवली आणि इब्न जौजी यांनी ते बनावट हदीसींत घातले. आपल्याला सोयीचे आणि आवडते असलेले वचनही त्यांनी तपासल्याशिवाय सोडले नाही, हे त्या वचनापेक्षा मोलाचे वाटते.

तपासण्याचे साधन म्हणजे हीच सनद किंवा इस्नाद, अर्थात कोणी कोणाकडून ऐकले याची साखळी. साखळीत माणसे जितकी कमी तितकी ती श्रेष्ठ मानली जाई. म्हणून हदीस आधीच माहीत असली तरी तिच्या उगमाच्या एक पायरी जवळ जाण्यासाठी विद्यार्थी नव्याने प्रवासाला निघत. इमाम बुखारी (810–870) सोळाव्या वर्षी आई आणि भावासोबत बुखाऱ्याहून हजला गेले आणि ते दोघे परतल्यावर शिकण्यासाठी मागे राहिले. पुढे हजाराहून अधिक उस्तादांकडून त्यांनी हदीस ऐकल्या. बगदादच्या विद्वानांनी त्यांची परीक्षा पाहिल्याची कथा प्रसिद्ध आहे. दहा जणांनी शंभर हदीसींच्या सनदी मुद्दाम उलटसुलट करून विचारल्या. बुखारी प्रत्येकीला ‘मला ही माहीत नाही’ एवढेच म्हणत गेले आणि सगळे संपल्यावर पहिलीपासून प्रत्येक हदीस तिच्या खऱ्या सनदीसह सांगितली. लोक त्यांच्या स्मरणशक्तीचे कौतुक करतात. भर सभेत शंभर वेळा ‘माहीत नाही’ म्हणण्याचे बळ त्याहून दुर्मीळ आहे.

अकराव्या शतकात मक्केत राहणाऱ्या करीमा मर्वजिया या विदुषी मूळच्या मध्य आशियातल्या मर्वजवळच्या. ‘सहीह बुखारी’ या इमाम बुखारींच्या हदीससंग्रहाचा त्यांचा पाठ इतका विश्वासाचा होता की लांबलांबचे विद्वान तो घेण्यासाठी त्यांच्यापुढे बसत. विद्येच्या प्रवासावर स्वतंत्र पुस्तक लिहिणारे खतीब बगदादी (1002–1071) यांनी हजला आले असताना पाच दिवसांत अख्खा ग्रंथ त्यांना वाचून दाखवला. अबुल गनाइम नर्सी या विद्यार्थ्याची आठवण नोंदलेली आहे. करीमांनी आपली प्रत बाहेर काढली, त्याने समोर बसून सात पाने उतरवली. मूळ प्रतीशी ती एकट्यानेच ताडून पाहावीत असा त्याचा विचार होता. करीमा म्हणाल्या, ‘नाही, माझ्यासोबतच ताडायची.’ चारशे वर्षांनी इब्न हजर अस्कलानी यांनी ‘सहीह बुखारी’वर भाष्य लिहिले, तेव्हा ‘करीमांच्या पाठात असे आहे’ ही नोंद त्यांना जागोजागी करावी लागली. दमास्कसचे इतिहासकार इब्न असाकिर (1105–1176) यांच्या उस्तादांमध्ये ऐंशीहून अधिक स्त्रिया होत्या. बाईकडून दीन (धर्म) काय शिकायचा, असे आज कुणी म्हणत असेल तर त्याने हा इतिहास वाचलेला नाही.

इमाम गजाली (1058–1111) यांच्याबद्दल सांगतात की तरुणपणी शिक्षण घेऊन गावी तूसला परतताना वाटेत त्यांना लुटारूंनी गाठले. निदान माझी टिपणे तरी परत द्या, माझी विद्या त्यांत आहे, अशी विनवणी त्यांनी केली. म्होरक्या हसला. आम्ही हिसकावली की उरतच नाही, ती तुझी विद्या कसली, असे म्हणत त्याने टिपणे परत दिली. गजालींनी पुढची तीन वर्षे ती टिपणे पाठ करण्यात घालवली. त्यांचा मोठा प्रवास याच्या अगदी उलट होता. 1095 मध्ये बगदादच्या निजामिया मदरशात तीनशे विद्यार्थ्यांना शिकवत असताना, हे सारे अल्लाहसाठी आहे की मानमरातबासाठी, या प्रश्नाने त्यांना ग्रासले. वाचा बसली, अन्न जाईना. पद सोडून ते दमास्कस, जेरुसलेम आणि मक्केकडे निघून गेले. आधीचे लोक विद्या मिळवायला घर सोडत, गजालींनी विद्येचा अहंकार उतरवायला घर सोडले.

अल बिरूनी (973–सुमारे 1050) यांचा प्रवास स्वेच्छेचा नव्हता. महमूद गझनवीने 1017 मध्ये मध्य आशियातला ख्वारिज्म प्रांत घेतल्यावर त्यांना गझनीला नेले. पण त्या सक्तीतून त्यांनी संस्कृत शिकून घेतले, पतंजलीचा योगग्रंथ अरबीत आणला आणि 1030च्या सुमारास हिंदुस्थानविषयीचा आपला ग्रंथ पूर्ण केला. ऐकीव गोष्टीला प्रत्यक्ष पाहिल्याची सर येत नाही, या विचारानेच तो सुरू होतो. महमूदच्या स्वाऱ्यांनी या देशाची भरभराट उद्ध्वस्त केली, हेही त्यांनी त्यात स्पष्ट लिहिले.

आपल्या किनाऱ्यालाही या वाटा लागल्या. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता चौदाव्या शतकात दौलताबाद पाहून कोकण किनाऱ्याने खाली गेला, तेव्हा होनावरला त्याला मुलींच्या तेरा आणि मुलांच्या तेवीस शाळा दिसल्या. त्यानंतर काही दशकांनी माहीमला मखदूम अली माहिमी (1372–1431) होऊन गेले. त्यांनी अरबीत कुरआनची तफसीर (भाष्य) लिहिली. लहानपणी त्यांना विद्येसाठी परदेशी जायचे होते, पण आईला सोडवेना. तेव्हा समुद्रकाठी खिज्र येऊन त्यांना शिकवत, अशी आख्यायिका आहे.

प्रवास कशासाठी हवा, याचे सर्वांत खोल उत्तर इतिहासकार इब्न खल्दून (1332–1406) यांनी दिले. प्रत्येक उस्तादाची मांडणी आणि परिभाषा निराळी असते. एकाकडेच शिकलेला माणूस त्या परिभाषेलाच शास्त्र समजून बसतो. अनेकांपुढे बसलेल्याला मात्र शास्त्र कुठे संपते आणि शिकवण्याची रीत कुठे सुरू होते ते कळू लागते. फिरक्यांच्या (पंथांच्या) भांडणांत आपल्या मौलानांची रीत म्हणजेच दीन असे धरून चालणाऱ्यांसाठी हे विवेचन आजही ताजे आहे.

प्रथा घसरलीही. ग्रंथ पुढे सांगण्याची परवानगी, म्हणजे इजाजा, भेट न होता पत्राने मिळू लागली, तान्ह्या मुलांच्या नावेही घेतली जाऊ लागली. काही विद्वानांनी त्यावर कडक टीका केली. छापखाने आल्यावर ग्रंथासाठी प्रवासाची गरजच उरली नाही. भारतात मात्र एक धागा टिकला. दिल्लीचे शाह वलीउल्लाह (1703–1762) हजला गेले, तेव्हा मदिनेत अबू ताहिर कुर्दी यांच्यापुढे बसून हदीस शिकले आणि 1732 मध्ये परतले. देवबंदसह इथल्या बहुतेक मदरशांच्या हदीसच्या सनदी त्यांच्यापाशी पोहोचतात. मदरशाच्या शेवटच्या वर्षी, दौरा-ए-हदीस या हदीसच्या अभ्यासक्रमात, छापील ‘सहीह बुखारी’ सर्वांच्या हाती असते. तरीही विद्यार्थी ती मोठ्याने वाचतो आणि उस्ताद ऐकतात.