राउटरला लावलेला टेस्टर पेटतो म्हणजे करंट उतरलाय का?

परवा नाशिकला इंदिरानगरच्या आमच्या सोसायटी ग्रुपवर मेसेज, की फायबर राउटरच्या पिनला टेस्टर लावला तर दिवा लागतोय, करंट उतरलाय, सगळ्यांनी राउटर बंद करा. लगेच कोणीतरी "रेडिएशन असणार" म्हणत अँटी-रेडिएशन स्टिकरची लिंक पण टाकली. वायफायच्या लहरींनी टेस्टर पेटत नाही हो, आणि त्या स्टिकरने लहरी खरंच अडल्या तर आधी नेटच बंद पडेल!

टेस्टरमधल्या छोट्या निऑन दिव्याला पेटायला थोडेसे मायक्रोअँपिअर पुरतात आणि ते तुमच्याच अंगातून जमिनीत जातात. म्हणजे दिवा लागला तर व्होल्टेज आहे एवढंच कळतं, धोका किती ते नाही.

आता हे व्होल्टेज येतं कुठून? राउटरच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये २३० व्होल्टची बाजू आणि १२ व्होल्टची बाजू यांच्यात ट्रान्सफॉर्मर असतो, थेट तार नाही. पण आतलं स्विचिंग, म्हणजे करंट चालू-बंद करणं, सेकंदाला हजारो वेळा चालतं, त्याचा विजेचा गोंगाट बाहेर पडू नये म्हणून दोन्ही बाजूंमध्ये मुद्दाम एक छोटा कपॅसिटर टाकतात, त्याला वाय कपॅसिटर म्हणतात, आणि माझं सगळं प्रेम या एवढ्याशा निळ्या चकतीवर आहे. कपॅसिटर एसी थोडा पुढे जाऊ देतो, किती ते २πfCV (f फ्रिक्वेन्सी, C कपॅसिटरची क्षमता, V व्होल्टेज). १ नॅनोफॅरॅड, ५० हर्ट्झ, २३० व्होल्ट धरले तर जास्तीत जास्त ०.०७ मिलीअँपिअर. दोन पिनच्या अ‍ॅडॉप्टरला अर्थिंग नसतं, त्यामुळे १२ व्होल्टची सगळी बाजू जमिनीच्या मानाने शंभरेक व्होल्टवर तरंगत राहते, पण मागे जोर काहीच नाही. पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहिलं की झिणझिणी येते ती हीच.

लॅबमध्ये हा टच करंट, म्हणजे हात लावल्यावर अंगातून जाणारा करंट, बोटाने मोजत नाहीत. ५०० ओहम, त्याला सिरीजमध्ये १५०० ओहम आणि त्या १५०० ला पॅरलल ०.२२ मायक्रोफॅरॅड, असं शरीराचं नकली सर्किट लावतात, पुढे अजून एक फिल्टर, कारण फ्रिक्वेन्सी वाढली की नसांना करंट कमी जाणवतो. लाइन-न्यूट्रल उलटसुलट करून पण बघतात. अशा दोन पिनवाल्याला मर्यादा ०.२५ मिलीअँपिअर. शिवाय हायपॉट, म्हणजे दोन्ही बाजूंमध्ये ३००० व्होल्ट एक मिनिट, इन्सुलेशन फुटता कामा नये. इथे अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत इलेक्ट्रिक पॅनेलच्या कारखान्यात काम केलेल्यांना हे सांगायला नको.

खरी भीती आहे स्वस्तातल्या अ‍ॅडॉप्टरची, मूळचा जळाला की आपण मेन रोडवरून कुठलातरी आणतो तो. वाय कपॅसिटर असा बनवतात की बिघडला तरी शॉर्ट होऊ नये. स्वस्तातल्यात त्याच्या जागी साधा कपॅसिटर बसवला आणि तो शॉर्ट झाला तर २३० व्होल्ट सरळ राउटरच्या पिनवर. बोर्डावर दोन्ही बाजूंमध्ये पाचेक मिलीमीटर मोकळी जागा लागते, ती पण तिथे वाचवलेली असते.

अ‍ॅडॉप्टरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर-नंबर, म्हणजे R ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की कंपनीचं नाव येतं, ते छापलेल्या नावाशी जुळतंय का बघायचं. जुळत नसेल, किंवा झिणझिणीऐवजी चांगला झटका बसला, तर आधी स्विच बंद आणि मगच अ‍ॅडॉप्टर काढायचा.