पाऊस चुकवायचा तर हवा सोडावी लागते

जुलै लागला की नागपुरातल्या ट्रेकवाल्या मंडळींत हमखास वाद होतो. पुण्या-मुंबईकडचे लोक धुक्यातल्या गडांचे फोटो टाकत असतात आणि इकडे प्रश्न पडतो की आपण कुठे जायचं? घरचा पर्याय आहेच. नागपंचमीच्या आसपास पचमढीला नागद्वारची यात्रा भरते आणि तिथे विदर्भातली माणसं चिखल तुडवत, डोंगरांतून वाट काढत जातात. पण सातपुड्यातलं सर्वांत उंच धूपगड 1,352 मीटरचं आणि सह्याद्रीतलं कळसूबाई 1,646 मीटरचं. उंचीचा शरीरावर होणारा त्रास साधारण 2,500 मीटरच्या पुढे सुरू होतो. म्हणजे ‘हाय अल्टिट्यूड’ म्हणावं असं काही हवं असेल तर दिल्लीची गाडी पकडण्यावाचून इलाज नाही. मग घरातली वडीलधारी मंडळी विचारतात, भर पावसाळ्यात हिमालयात कोण जातं बाप्पा?

प्रश्न रास्त आहे. मात्र हिमालय सगळीकडे सारखा भिजत नाही.

बंगालच्या उपसागरावरून आणि अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा हिमालयाच्या दक्षिण उतारांवर आदळते. पुढे जायला वाट नसल्यामुळे ती वर चढते. वर दाब कमी, म्हणून ती प्रसरण पावते. प्रसरण पावताना थंड होते आणि थंड हवेत वाफ मावत नाही. जे मावत नाही ते तिथेच कोसळतं. धौलाधार रांगेच्या कुशीतल्या धर्मशाळेत वर्षाला सुमारे 3,000 मिलीमीटर पाऊस पडतो. नागपुरात हजार-अकराशे. धर्मशाळेपासून लेह सरळ रेषेत नागपूर-जबलपूरइतकंच, अडीचशे किलोमीटरच्या आत-बाहेर. तिथे वर्षभराचा पाऊस आणि बर्फ मिळून शंभरेक मिलीमीटर! मधल्या रांगा ओलांडता ओलांडता ढग रिकामे होतात आणि पलीकडे उतरणारी हवा उलट तापते, कोरडी होते. लडाख, झांस्कर, स्पिती, लाहौल हे सगळं या पर्जन्यछायेत येतं. काश्मीरचं खोरं अर्धंमुर्धं. पीर पंजालच्या आडोशामुळे मान्सून तिथे थकून पोहोचतो आणि श्रीनगरचा मुख्य पाऊस हिवाळ्यात नि वसंतात, पश्चिमेकडून येणाऱ्या विक्षोभांमुळे (कमी दाबाच्या वादळी प्रणालींमुळे) पडतो. सोनमर्गहून निघून विशनसर, कृष्णसर, गडसर, गंगाबल ही तळी बघत नारानागला उतरणारा ट्रेक म्हणूनच जुलै ते सप्टेंबरात चालतो.

आता नागपूरकरांच्या खास कामाची गोष्ट. पंजाब-राजस्थानकडून बंगालच्या उपसागरापर्यंत कमी दाबाचा एक लांब पट्टा पावसाळाभर पसरलेला असतो. हवामानाच्या बातम्यांत ज्याला ‘मान्सूनचा आस’ म्हणतात, तो हाच. तो आपल्या नेहमीच्या जागी किंवा थोडा दक्षिणेला असला की उपसागरातली कमी दाबाची क्षेत्रं ओडिशा, छत्तीसगड करत आपल्याकडे येतात आणि विदर्भात झड लागते. तोच आस उत्तरेला सरकून हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन बसला की मध्य भारतात पावसाचा खंड पडतो. सोयाबीन माना टाकतं, शेतकरी आभाळाकडे बघतो, शहरात घामाच्या धारा लागतात. आणि नेमकं त्याच दिवसांत उत्तराखंड-हिमाचलच्या पायथ्याच्या डोंगरांत मुसळधार पाऊस, दरडी, फुगलेल्या नद्या. ‘इथे उघडीप आहे, चला निघू’ हे सह्याद्रीपुरतं शहाणपणाचं असेल, पण ऑगस्टात कोरड्या नागपुरातून ऋषिकेशच्या पुढे जाणारा माणूस बरेचदा पावसाच्या मागे धावत जाऊन त्याला गाठत असतो. सोनेगावच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा अंदाज आपण विदर्भापुरता वाचतो. त्यासोबत आस कुठे आहे ती एक ओळ वाचायची सवय लावली तर निम्मं नियोजन होतं.

पर्जन्यछाया म्हणजे अभयदान मात्र नव्हे. 5 आणि 6 ऑगस्ट 2010 दरम्यानच्या रात्री लेहमध्ये ढगफुटीने चिखलाचे लोंढे आले आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. जिथे वर्षाला शंभर मिलीमीटर पडतं तिथल्या उतारांवर माती धरून ठेवायला झाडं नसतात, घरं मातीची असतात आणि नाले कोरडे म्हणून लोक त्यांच्या काठाला वसतात. त्यामुळे आपल्याकडे किरकोळ वाटेल एवढ्या सरीनेही तिथे अनर्थ होतो. कोरड्या नाल्याच्या पात्रात तंबू ठोकू नये, ही सूचना तिथे फार गांभीर्याने घ्यायची.

तर पाऊस चुकवला. पण तो चुकवायचा तर रांगांच्या पलीकडे जावं लागतं, आणि पलीकडची जमीनच इतकी उंच आहे की श्वासाची किंमत मोजावी लागते. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटरवर आहे, लेह 3,500 मीटरवर. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण दोन्हीकडे 21 टक्केच, पण दाब इथे साधारण 975 हेक्टोपास्कल तर तिथे 660 च्या आसपास. शिवाय फुप्फुसात शिरलेली हवा शरीराच्या तापमानाला वाफेने भरते आणि ती वाफ सगळीकडे सारखीच जागा अडवते, सुमारे 63 हेक्टोपास्कल. ती वजा केली की लेहमध्ये आपल्या वाट्याला नागपूरच्या दोन-तृतीयांशापेक्षा किंचित कमी ऑक्सिजन येतो. लडाखमधल्या मार्खा खोऱ्याच्या ट्रेकमधली कोंगमारू ला ही खिंड सुमारे 5,200 मीटरची. तिथे हा वाटा जवळपास निम्मा.

शरीर यावर काय करतं ते पाहण्यासारखं आहे. मानेतल्या मोठ्या धमन्यांपाशी पेशींचे छोटे गुच्छ असतात, ते रक्तातल्या ऑक्सिजनवर नजर ठेवून असतात. ऑक्सिजन घटला की ते मेंदूला कळवतात आणि श्वास वाढतो. पण भराभर श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइडही भराभर बाहेर जातो, रक्त अल्कधर्मी होतं, आणि ते जाणवून मेंदू श्वासाला ब्रेक लावतो. एक यंत्रणा म्हणते घे, दुसरी म्हणते थांब. पहिल्या रात्री तंबूत शेजारच्याचा श्वास काही सेकंद थांबतो आणि मग मोठ्या उसाशाने पुन्हा सुरू होतो, ते याच ओढाताणीमुळे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याची झोप उडते. हा ब्रेक सैल करायचं काम मूत्रपिंडं करतात. ती लघवीतून बायकार्बोनेट (रक्त अल्कधर्मी ठेवणारा घटक) टाकून देतात आणि त्याला दोन-चार दिवस लागतात. लेहला पोहोचल्यावर दोन दिवस हॉटेलात नुसतं पडून राहायला सांगतात, तो काही टूरवाल्यांचा बिल वाढवायचा डाव नाही. अॅसिटाझोलामाइड हे औषध (डायमॉक्स नावाने मिळणारं) याच कामाला हातभार लावतं. ते घ्यायचं की नाही, किती घ्यायचं, हे डॉक्टरला विचारूनच. सल्फा औषधांची अॅलर्जी असेल तर ते आधी सांगायचं.

तांबड्या पेशी वाढतात हेही खरंच. ऑक्सिजन कमी झाल्याचं पेशींना कळतं कसं, याचा उलगडा करणाऱ्या विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना 2019 चं वैद्यकातलं नोबेल मिळालं. पण नव्या पेशी भरपूर तयार व्हायला आठवडे लागतात, तोवर दहा दिवसांची रजा संपवून आपण नागपूर स्टेशनावर उतरलेलो असतो. सुरुवातीच्या दिवसांत शरीर वेगळीच युक्ती करतं. पाणी बाहेर टाकून रक्त घट्ट करतं, म्हणजे तेवढ्याच रक्तात हिमोग्लोबिन जास्त. वर गेल्यावर लघवी वाढली तर घाबरू नये, ते चांगलं लक्षण.

‘आपण पंचेचाळीस डिग्री सोसणारे लोक’ हा नागपुरी अभिमान इथे कामाचा नाही. उन्हाची सवय होताना शरीर रक्तातलं पाणी वाढवतं, घाम लवकर नि भरपूर काढतं. उंचीवर सुरुवातीला याच्या उलट दिशेने जावं लागतं. फुटाळा तलावाला रोज पळणाऱ्यांनाही सूट नाही. दमसास चांगला असला तर चढ सोपा जातो, पण उंचीचा आजार होणार की नाही हे दमसास ठरवत नाही. उलट तंदुरुस्त माणूस पटापट वर जातो आणि तिथेच फसतो. 1962 च्या युद्धानंतर मैदानातून थेट उंचावर नेलेल्या भारतीय जवानांवर हेच गुदरलं. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी अशा 1,925 जवानांच्या नोंदींवरून 1969 साली लिहिलेला शोधनिबंध या आजाराच्या अभ्यासात आजही महत्त्वाचा मानला जातो. जवान म्हणजे देशातली सर्वांत कणखर शरीरं, हे लक्षात घ्या.

डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, झोप न येणं इथवर असेल तर आणखी वर जायचं नाही, थांबायचं. बसल्या जागी धाप लागली, खोकल्यात फेस आला, तोल जायला लागला, बोलण्यात गोंधळ झाला तर फुप्फुसात किंवा मेंदूत सूज चढते आहे. अशा वेळी रात्र असो की पाऊस, खाली उतरायचं. 3,000 मीटरच्या वर झोपायची जागा एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त उंचावू नये आणि तीन-चार दिवसांआड एक मुक्काम त्याच उंचीवर करावा, हा जाणकारांचा नियम.

हा नियम आणि विमानाचं तिकीट यांचं जमत नाही. संध्याकाळी नागपूर, मग दिल्ली, सकाळी लेह. बारा तासांत 3,200 मीटर! म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याला मी लेहचं तिकीट सुचवत नाही. त्याच्यासाठी हमता पास बरा. मनाली 2,050 मीटरवर, तिथून रोज थोडं थोडं चढत 4,270 मीटरची खिंड. पहिले दिवस देवदार, भूर्ज, गुडघाभर गवत आणि पाऊस. खिंड ओलांडली की एका दुपारीत लाहौलचे उघडे तपकिरी डोंगर. पर्जन्यछायेवरचा धडा इतक्या कमी वेळात दुसरीकडे कुठे मिळणार? शिमला-किन्नौरमार्गे स्पिती गाठणंही शरीराला सोपं जातं, पण तो रस्ता दरडींचा आहे. मार्खा दुसऱ्या वर्षासाठी ठेवावा.

पावसाशी वैर नसेल तर उत्तराखंडातली फुलांची घाटी. 1931 साली कामेट शिखरावरून परतताना फ्रँक स्माइथच्या नजरेस पडलेली ही दरी मान्सूनमुळेच फुलते, सर्वाधिक बहर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. मुक्काम घांगरियाला साधारण 3,000 मीटरवर, त्यामुळे हवेचा त्रास कमी. त्रास आहे तो जाण्यायेण्याच्या रस्त्याचा, म्हणून परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवावेत आणि आसाची बातमी रोज पाहावी.

वरणभाताची सवय असलेल्यांनी कुकरशिवाय जाऊ नये. लेहच्या उंचीवर पाणी साधारण 88 अंशांनाच उकळतं, तुरीची डाळ पातेल्यात तासभर ठेवली तरी टणकच राहते.

नाल्यांबद्दलही सांगायला हवं, कारण इथे मैदानातला अनुभव दगा देतो. आपल्याकडे पाऊस पडला की नदीला पूर, ऊन पडलं की पाणी ओसरणार. हिमनदीतून येणाऱ्या नाल्याला ऊन हाच पाऊस. दिवसभर वर बर्फ वितळतं, ते पाणी खाली यायला काही तास लागतात आणि दुपारनंतर नाला फुगतो. आभाळ जितकं निळं, तितकं पाणी जास्त. हमताच्या वाटेवरच्या शिया गोरूसारख्या ठिकाणी सकाळी गुडघ्याला लागणारा प्रवाह दुपारी ओलांडण्याजोगा राहीलच असं नाही. पोहोचायला उशीर झाला तर तंबू अलीकडच्या काठावरच, पण पाण्यापासून नीट वर लावायचा आणि पहाटे सहाला, बुटाच्या लेस घट्ट बांधून, सॅकचा कमरपट्टा मात्र सोडून पाण्यात उतरायचं. पाय घसरला तर सॅक झटकन टाकता आली पाहिजे.