बहुचॅनेल डेटा लॉगरमधील स्विचिंग : रिले आणि सॉलिड-स्टेट

भट्टी, शीतगृह, मोटारीची चाचणी किंवा बॅटरी पॅक अशा ठिकाणी एकाच वेळी वीस, चाळीस, साठ जागांचे तापमान वा विद्युतदाब नोंदवावे लागतात. प्रत्येक जागेला स्वतंत्र मापक देणे परवडत नाही. त्यामुळे डेटा लॉगरमध्ये बहुधा एकच अचूक मापक असतो आणि त्याच्यापुढे स्विचांची रांग असते. एक चॅनेल मापकाला जोडायचे, वाचन घ्यायचे, सोडायचे, मग पुढचे जोडायचे. या फेरीला स्कॅन म्हणतात आणि स्विचांच्या भागाला मल्टिप्लेक्सर. हे स्विच दोन जातींचे असतात : धातूचे संपर्क प्रत्यक्ष मिटवणारे-उघडणारे रिले, आणि हलता भाग नसलेले अर्धवाहक, म्हणजे सॉलिड-स्टेट स्विच. निवडताना बहुतेकांची नजर आधी वेगाकडे जाते. वेग खरे तर शेवटी पाहावा. आधी पाहायचा तो संदेश, म्हणजे संवेदकाकडून येणारा सिग्नल : तो किती लहान आहे, किती उंच विद्युतदाबावर बसला आहे आणि कोणत्या रोधातून येतो आहे.

वेगाचे आकडे आकर्षक असतात हे खरे. प्रयोगशाळांत सर्रास दिसणाऱ्या कीसाइट कंपनीच्या ३४९७०ए या लॉगरचे साध्या रिलेचे २० चॅनेलांचे कार्ड सेकंदाला ६० चॅनेल बदलते, रीड रिलेचे १६ चॅनेलांचे कार्ड २५०. त्याच मालिकेतल्या नंतरच्या डीएक्यू९७०ए लॉगरचे सॉलिड-स्टेट कार्ड ४५० पर्यंत जाते. पण भारतात वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे. तारांवर चढणारी त्याची गुणगुण वाचनातून काढायची, तर मापकाला किमान एक पूर्ण आवर्तन, म्हणजे २० मिलिसेकंद, सरासरी घ्यावी लागते. मग कार्ड कोणतेही असो, सेकंदाला ५० पेक्षा जास्त वाचने मिळत नाहीत. प्रत्येक वाचनाबरोबर शून्याची तपासणी चालू ठेवली तर ती निम्म्यावर येतात. रिले हलण्याचे काही मिलिसेकंद धरले तरी साध्या रिलेच्या आणि सॉलिड-स्टेट कार्डांतला फरक दीडपटीच्या आसपासच राहतो. थर्मोकपलचे (दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेल्या, तापमानानुसार काही मायक्रोव्होल्ट देणाऱ्या संवेदकाचे) अचूक तापमान हवे आणि वेगासाठी सॉलिड-स्टेट कार्ड घेतले, तर त्या वेगाचा बराचसा भाग वापरलाच जात नाही.

रीड रिलेच्या आतला रीड स्विच १९३६ मध्ये अमेरिकेतील बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये वॉल्टर एलवुड यांनी शोधला. काचेच्या बंद नळीत निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूच्या दोन पट्ट्या असतात. बाहेरच्या कॉइलच्या चुंबकत्वाने त्या एकमेकींना चिकटतात. पट्टी चुंबकीय हवी आणि काचेत पक्की बसायला हवी, म्हणून हा धातू. मोजमापात अडचण याच धातूमुळे येते. तांब्याच्या तारेशी जोडल्यावर त्या सांध्यात दर अंश सेल्सिअसला सुमारे ४० मायक्रोव्होल्ट निर्माण होतात. के प्रकारचे थर्मोकपल देते ४१. म्हणजे रीड रिले स्वतःच जवळपास तेवढाच जोरदार थर्मोकपल आहे. दोन्ही टोके सारख्या तापमानाला असतील तर हे दाब एकमेकांना रद्द करतात, पण कॉइलमधून प्रवाह वाहत राहिला की रिले गरम होतो, आणि एका अंगाने जास्त. म्हणूनच चांगल्या कार्डांत लॅचिंग रिले वापरतात. त्याला स्थिती बदलण्यापुरता क्षणभर प्रवाह लागतो, एरवी कॉइल थंड असते. वर उल्लेख केलेल्या साध्या रिलेच्या कार्डाची या बाबतीतली मर्यादा ३ मायक्रोव्होल्ट आहे, रीड कार्डाची ६. के थर्मोकपलला ३ मायक्रोव्होल्ट म्हणजे अंशाचा चौदावा हिस्सा, दुर्लक्ष करण्याजोगा. प्लॅटिनमच्या एस प्रकाराला खोलीच्या तापमानाजवळ तोच अर्धा अंश होतो.

अर्धवाहक स्विचचा त्रास वेगळा असतो : गळती आणि अंतर्गत रोध. बंद अवस्थेतल्या चॅनेलांतूनही अतिसूक्ष्म प्रवाह झिरपतो. एक नॅनोअँपिअर गळती १०० किलोओहम रोधाच्या संवेदकातून गेली की १०० मायक्रोव्होल्टची चूक होते. थर्मोकपलसारख्या काही ओहमांच्या स्रोतावर तीच गळती नगण्य. ही गळती दर १० अंशांना साधारण दुप्पट होते. २५ अंशांवर तपासून घेतलेला लॉगर मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधल्या पॅनेलमध्ये ५५ अंशांवर चालत असेल, तर गळती आठपट झालेली असते. अंतर्गत रोध दाब मोजताना आड येत नाही, कारण मापक जवळजवळ प्रवाह घेतच नाही. पीटी-१०० हा प्लॅटिनमचा तापमान-संवेदक मात्र रोधावरून वाचला जातो आणि तो रोध दर अंशाला फक्त ०.३८५ ओहमने बदलतो. दोन तारांनी मोजताना मार्गात स्विचचे १०० ओहम आले तर चूक २६० अंशांची होते. येथे चार-तारी जोडणी, म्हणजे दोन तारा प्रवाहासाठी आणि दोन दाब मोजण्यासाठी, घ्यावीच.

उंच विद्युतदाब हा रिलेचा हक्काचा प्रांत आहे. साध्या सीमॉस स्विचला (चिपमधल्या नेहमीच्या अर्धवाहक स्विचला) संदेश स्वतःच्या पुरवठ्याच्या आत, म्हणजे फार तर अधिक-उणे १५ व्होल्टच्या आसपास, लागतो. पुरवठा गेला तर त्याचे संरक्षक डायोड वाहू लागतात आणि संवेदकावर भार पडतो. मालिकेत जोडलेल्या शंभर लिथियम सेलांच्या पॅकमध्ये वरच्या सेलचे दोन्ही टोक जमिनीपासून साडेतीनशे व्होल्टांहून वर असू शकतात. तेथे सॉलिड-स्टेटच हवा असेल तर ४००-६०० व्होल्ट सोसणारे, आतल्या एलईडीच्या प्रकाशाने चालणारे मॉसफेट रिले (नावात रिले असला तरी हे अर्धवाहक स्विचच) उपयोगी पडतात. धातूच्या संपर्कांचा रिले वापरला तर आधीचा संपर्क सुटल्याशिवाय पुढचा मिटू नये याची खात्री हवी; एक संपर्क चिकटून राहिला तर सेल शॉर्ट होतात.

येथे एक गोंधळ टाळायला हवा. दुकानात एसएसआर (सॉलिड-स्टेट रिले) नावाने मिळणारा हीटरचा रिले आतून बहुधा ट्रायॅक, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहासाठीचा अर्धवाहक स्विच, असतो. त्यावर एक-दीड व्होल्ट पडतो, बंद असतानाही तो मिलिअँपिअरमध्ये गळतो आणि एकदिश प्रवाहावर एकदा चालू झाला की सहसा सुटत नाही. हीटर चालवायला तो उत्तम, पण मोजमापाच्या मार्गात त्याला जागा नाही.

रिलेचे आयुष्य मात्र मोजूनच घ्यावे. वरच्या साध्या रिलेसाठी भाराशिवाय १० कोटी उघड-मिटी सांगितल्या जातात. मिनिटाला एक स्कॅन घेतला तर वर्षाला ५,२५,६०० होतात; १० कोटी संपायला १९० वर्षे लागतील. सेकंदाला एक घेतला तर तीन वर्षांहून थोडे अधिक, आणि कार्डाच्या कमाल वेगाने, सेकंदाला तीन, तर साधारण १३ महिने. पूर्ण भार तोडत राहिला तर मर्यादा १ लाखावर येते, म्हणजे सेकंदाला एक या दराने २८ तासांत संपते. दुसरी झीज उलट्या बाजूची आहे. ज्या संपर्कांनी एकदा मोठा प्रवाह तोडला त्यांचा सोन्याचा मुलामा जळतो आणि मायक्रोव्होल्टांचा संदेश जळून वर साचलेल्या थरातून नीट जात नाही. जड भाराचा रिले नंतर थर्मोकपलला लावू नये. घटना टिपण्यासाठी सतत वेगाने स्कॅन करायचे असेल तर सॉलिड-स्टेटला पर्याय नाही. दर पाच मिनिटांनी नोंद घेणाऱ्या शीतगृहात रिलेचे आयुष्य हा प्रश्नच उद्भवत नाही.

कोणतेही कार्ड कामाला लावण्याआधी दोन चाचण्या घ्याव्यात. एका चॅनेलचे दोन्ही टर्मिनल तांब्याच्या आखूड तारेने जोडून लॉगर अर्धा तास चालू ठेवावा. शून्याऐवजी दिसणारे मायक्रोव्होल्ट ही कार्डाची स्वतःची भर असते. मग शेजारच्या चॅनेलला काही व्होल्ट देऊन त्याच्या नंतर स्कॅन होणारे चॅनेल उघडे सोडावे. त्यावर शेजारचाच आकडा उमटला, तर मापकाच्या आतील धारितेवर (कपॅसिटन्सवर) मागच्या चॅनेलचा विद्युतभार शिल्लक राहत आहे, आणि तुटलेले थर्मोकपल अशा लॉगरवर शेजाऱ्याचे तापमान दाखवत महिनोन्‌महिने लपून राहू शकते. अशा वेळी तुटलेले थर्मोकपल ओळखण्याची सोय चालू करावी.