सजीवांची लक्षणे

पेशींची बनलेली रचना, चयापचय, वाढ, चेतनक्षमता, समस्थिती (शरीराची आतली स्थिती स्थिर राखणे), प्रजनन, आनुवंशिकता आणि पिढ्यान्‌पिढ्या होत जाणारी उत्क्रांती या गुणांवरून एखादी वस्तू सजीव की निर्जीव हे जीवशास्त्रात ठरवतात. यांतले एकेक लक्षण सुटे घेतले तर निर्जीवांतही सापडते. मिठाच्या संपृक्त द्रावणात स्फटिक वाढतो. समईची ज्योत तेल आणि ऑक्सिजन घेते, कार्बन डायऑक्साइड सोडते, शिवाय एका वातीवरून दुसरी वात लागते. उलट खेचराला सहसा पिल्ले होत नाहीत, तरी ते सजीव आहे याबद्दल कोणाला शंका येत नाही. शाळेत ही लक्षणे सात-आठ मुद्द्यांची यादी म्हणून पाठ केली जातात आणि मुख्य गोष्ट तिथेच हातातून निसटते: ही लक्षणे एकमेकांच्या आधाराने उभी असतात. पेशीपटल फाटले की चयापचय थांबतो, चयापचय थांबला की समस्थिती ढासळते, आणि मग वाढ-प्रजननाचा प्रश्नच उरत नाही.

घरातले सर्वांत सोपे उदाहरण मटकीचे. भिजत घातलेली मटकी आधी फुगते. हे फुगणे सजीवतेची खूण नाही. दाण्यातली प्रथिने आणि स्टार्च पाणी शोषून घेतात, त्यामुळे मेलेला दाणाही फुगतो. फरक पुढच्या काही तासांत कळतो. जिवंत दाण्यात श्वसन जोर धरते, विकरे (एन्झाइम) कामाला लागतात आणि डाळिंबीत साठवलेल्या अन्नाचे विघटन सुरू होते. मग टरफल फोडून आधी मूळ बाहेर येते. त्यालाच आपण मोड म्हणतो. फडक्यात घट्ट बांधलेली मटकी सकाळी सोडताना हाताला जी ऊब लागते, ती या श्वसनातून सुटलेली उष्णता असते. तीच मटकी दिवसभर पाण्यात बुडवून ठेवली तर दाण्यांना ऑक्सिजन पुरत नाही, मोड येत नाहीत आणि पाण्याला आंबूस वास सुटतो. मटकी उपसून, निथळून बांधायची ती यासाठी.

पेशी हा सजीवांचा सर्वांत लहान जिवंत घटक. रॉबर्ट हुक यांनी १६६५ साली बुचाच्या पातळ कापात जे कप्पे पाहिले, त्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती होत्या. हालचाल करणारे एकपेशीय जीव पहिल्यांदा दिसले ते त्यानंतरच्या दशकात, डेल्फ्ट शहरातले कापडाचे व्यापारी आंतोनी व्हान लेव्हेनहूक यांना, त्यांनी स्वतः घासून बनवलेल्या भिंगांतून. सर्व वनस्पती पेशींच्या बनलेल्या आहेत हे श्लायडेन यांनी १८३८ मध्ये आणि प्राण्यांबाबत तेच श्वान यांनी १८३९ मध्ये मांडले. नवी पेशी जुन्या पेशीतूनच येते, हे सूत्र विरशो यांनी १८५५ मध्ये रूढ केले. जीवाणूचा सगळा संसार एका पेशीत चालतो, तर माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी असतात. पेशीपटल दोन्हीकडे सारखेच काम करते: काय आत घ्यायचे, काय बाहेर ठेवायचे याची निवड. सजीवाला ‘आत’ आणि ‘बाहेर’ मिळते ते या पटलामुळे.

आत चालणाऱ्या रासायनिक क्रियांना मिळून चयापचय म्हणतात. हा शब्द फार नेमका घडवलेला आहे: चय म्हणजे जोडणे, अपचय म्हणजे तोडणे. हिरवे पान सूर्यप्रकाशाच्या ऊर्जेवर साखर जोडते, आणि तेच पान रात्रंदिवस श्वसनात साखर तोडत असते. या क्रियांमागे एखादी खास ‘जीवशक्ती’ असते, असे दीर्घकाळ मानले जाई. १८२८ मध्ये फ्रीड्रिख व्होलर यांनी मूत्रपिंडाच्या मदतीविना, प्रयोगशाळेतल्या क्षारांपासून युरिया तयार केला आणि त्या कल्पनेला पहिला मोठा तडा गेला. सजीवांतले रेणू निर्जीव सृष्टीचे नियम पाळतात. त्यांची मांडणी आणि त्या मांडणीची अखंड डागडुजी हे मात्र सजीवांचे वैशिष्ट्य. आपल्या रक्तातली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, म्हणजे वर्षापूर्वीच्या तांबड्या पेशींपैकी आज अंगात जवळजवळ एकही नसते.

प्रजननाबद्दलची समजूत मात्र बदलायला शतके लागली. जारज, अंडज, स्वेदज आणि उद्भिज्ज या चार खाणी, म्हणजे जन्माच्या प्रकारावरून केलेले सजीवांचे चार वर्ग, मराठी संतवाङ्मयातून आपल्या कानावर आहेत. उवा, ढेकूण यांसारखे जीव घामापासून, दमटपणापासून निपजतात ही स्वेदजांमागची कल्पना. युरोपातही सडक्या मांसातून अळ्या आपोआप जन्मतात असेच समजत. फ्रान्चेस्को रेदी यांनी १६६८ मध्ये मांसाच्या काही बरण्या उघड्या ठेवल्या, काहींवर जाळीदार कापड बांधले. माश्या जिथे पोचल्या तिथेच अळ्या झाल्या. तरीही सूक्ष्मजीव आपोआप होतात हा समज टिकून राहिला. तो मोडला लुई पाश्चर यांनी, १८६० च्या सुमारास. हंसाच्या मानेसारख्या वळणदार नळीच्या चंबूत त्यांनी पोषक द्रव उकळला. नळीतून हवा आत जाई, पण धूळ आणि तिच्यावरचे जंतू वळणात अडकत. द्रव महिनोन्‌महिने स्वच्छ राहिला, आणि मान मोडताच काही दिवसांत गढुळला.

आपल्याकडे डब्यातल्या चवळीत ‘किडे झाले’ असे आजही म्हणतात. दाणे उन्हात धरून नीट पाहावेत. सालीवर पांढरे बारीक ठिपके चिकटलेले दिसतात, ती भुंग्याची अंडी. अळी तिथूनच दाण्यात शिरते, आत पोसते आणि गोल भोक पाडून भुंगा होऊन बाहेर पडते. ज्यांनी अंडी पाहिली नाहीत त्यांना तो भुंगा चवळीतूनच जन्मला असे वाटले, तर त्यात त्यांची चूक म्हणता येत नाही.

जीवाणू दुभंगून वाढतात. चमचाभर विरजण रात्रभरात पातेलंभर दूध दह्यात बदलते ते याच वेगामुळे. लैंगिक प्रजननात दोन जनकांची जनुके मिसळतात आणि संततीत वैविध्य येते. आनुवंशिक माहिती डीएनए या रेणूत साठवलेली असते, आणि त्याची दुपदरी रचना १९५३ मध्ये उलगडली. नक्कल होताना अधूनमधून चुका होतात. परिस्थितीला जुळणाऱ्या चुका टिकतात, आणि उत्क्रांती यातूनच घडते. बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे पाणी खारट आणि इतके अल्कधर्मी आहे की बहुतेक गोड्या पाण्यातले जीव तिथे तगणार नाहीत. पण तेच पाणी मानवणारे सूक्ष्मजीव त्यात सुखाने राहतात. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झाले, तो रंग अशाच क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा होता.

चेतनक्षमता म्हणजे बाहेरच्या बदलाला दिलेला प्रतिसाद. लाजाळूचे पान मिटते ते देठाच्या बुडाशी असलेल्या फुगीर गाठीतल्या पेशींतून पाणी झपाट्याने बाहेर पडल्यामुळे. बहुतेक वनस्पतींची वाढ आणि प्रतिसाद मात्र डोळ्यांना दिसत नाहीत इतके मंद असतात, म्हणून जगदीशचंद्र बोस यांनी ती हालचाल हजारो पटींनी मोठी करून दाखवणारे क्रेस्कोग्राफ हे यंत्र बनवले. समस्थिती हे याच क्षमतेचे आतले रूप. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो, तरी घाम आणि त्वचेतले रक्ताभिसरण माणसाचे तापमान ३७ अंशांच्या आसपास राखतात. ते जमेनासे झाले की उष्माघात होतो.

सीमेवरचा सर्वांत मोठा वाद विषाणूंचा. तंबाखूच्या पानांवरील केवडा (मोझॅक) रोगाचे कारण जीवाणूंहूनही सूक्ष्म आहे, हे १८९२ मध्ये इव्हानोव्हस्की यांच्या प्रयोगांतून पुढे आले. १९३५ मध्ये वेंडेल स्टॅनली यांनी त्याच विषाणूचे स्फटिक मिळवले. बाटलीत मिठासारखा पडून राहणारा पदार्थ पानावर चोळला की पुन्हा रोग करतो, हे पाहून जीवशास्त्रज्ञ चक्रावले. विषाणूला स्वतःचा चयापचय नाही, प्रथिने बनवायची सामग्री नाही, पण जनुके आहेत आणि उत्क्रांती तर फार वेगवान आहे. त्याला जिवंत म्हणायचे की नाही यावर एकमत नाही. पेशीत शिरलेला विषाणू आणि बाहेर पडून राहिलेला विषाणू यांचा वेगवेगळा विचार करणे मला अधिक योग्य वाटते.

व्याख्येचा हा प्रश्न व्यवहारातही येतो. १९७६ मध्ये मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांनी तिथल्या मातीवर किरणोत्सारी कार्बन असलेले पोषक द्रावण टाकले. मातीतून तसाच किरणोत्सारी वायू बाहेर आला, म्हणजे चयापचयाची कसोटी उत्तीर्ण झाली. पण त्याच मातीत जीवसृष्टीकडे बोट दाखवतील असे सेंद्रिय रेणू यानांना आढळले नाहीत. मातीतल्या तीव्र ऑक्सिडीकारक रसायनांची ती क्रिया असावी, असे बहुसंख्य शास्त्रज्ञ मानतात. एकाच लक्षणावर भिस्त ठेवली की काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण नाही.

कोरडे बी हा सीमेवरचा दुसरा, आणि माझ्या मते अधिक विलक्षण, प्रकार. ते वाढत नाही, हलत नाही, त्याचे श्वसन जेमतेम मोजता येईल इतके असते. इस्रायलमधल्या मसादा किल्ल्याच्या उत्खननात सापडलेली सुमारे २,००० वर्षांपूर्वीची खजुराची बी २००५ साली रुजली आणि तिचे झाड झाले. बी जिवंत आहे का, हे नुसते पाहून कळत नाही. बीजपरीक्षण प्रयोगशाळेत ते टेट्राझोलियमच्या रंगहीन द्रावणात भिजवतात. पेशी श्वसन करत असतील तर आतला भाग लालसर होतो.

शेतकऱ्याची रीत याहून साधी आहे. पेरणीपूर्वी घरच्या सोयाबीनचे १०० दाणे, निवडून मोठे न घेता, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडतात, गुंडाळी करून सावलीत ठेवतात आणि गोणपाट ओला राहील इतके पाणी शिंपडत राहतात. आठवड्याभराने गुंडाळी उलगडून मोजतात. फुगून तसेच राहिलेले, बुरशी धरलेले, वेडेवाकडे कोंब आलेले दाणे बाजूला काढतात आणि फक्त निरोगी कोंबांची गणती धरतात. ती ७० किंवा त्याहून जास्त भरली तर बियाणे नेहमीच्या प्रमाणात पेरायचे, थोडी कमी भरली तर एकरी बियाणे वाढवायचे, आणि फारच कमी भरली तर बियाणे बदलायचे.