चॉप बॉक्स आणि पोशो: एकाच सफारीतले दोन शिधे

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या पूर्व आफ्रिकेतल्या सफारींच्या जुन्या छायाचित्रांत डोक्यावर लाकडी पेट्या घेतलेल्या हमालांची लांबच लांब रांग दिसते. सगळ्या तांड्याचं जेवण त्या पेट्यांतच असणार, असा आपला समज होतो. पण त्या पेट्या म्हणजे चॉप बॉक्स, आणि तांडा जगायचा तो पोशोवर.

चॉप बॉक्स साहेबाचा. 'चॉप' हा पश्चिम आफ्रिकेतल्या बोलीत खाण्याला म्हणतात. चहा, साखर, मुरंबा, बिस्किटं, डबाबंद पदार्थ असं सगळं थोडं थोडं एकेका पेटीत भरलेलं असे, म्हणजे एका वेळी एकच पेटी उघडावी लागे. १९०९ साली शिकारीला आलेल्या, अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने आपल्या पेट्यांत बोस्टनचे बीन्स, पीच आणि टोमॅटोचे डबे मुद्दाम घालून घेतले होते. पेट्या संपल्या तर साहेबाची गैरसोय होई, इतकंच.

पोशो हा स्वाहिली शब्द. त्याला आपल्याकडे नेमका जुळणारा शब्द आहे, शिधा. हमालाला रोज सुमारे दीड पौंड, बहुतेक मक्याचं पीठ; त्याची उकडीसारखी घट्ट उगाली शिजवायची. शिकारीचं मांस मिळे, पण त्यावर भिस्त ठेवता येत नसे. किकुयू लोक, म्हणजे आजच्या केनियातली शेती करणारी जमात, परंपरेने रानातल्या जनावरांचं मांस खात नसत आणि मुसलमान हमालांना ते हलालच लागे.

सफारीची खरी लगाम पोशोच्या हाती होती, असं मला वाटतं. हिशेब मांडून पाहा. एका हमालाचं ओझं ६० पौंड. रूझवेल्टकडे होते तसे २०० हमाल धरले आणि त्यांना १० दिवस वाटेत धान्य मिळणार नसेल, तर नुसतं पीठ वाहायला आणखी ६७ माणसं हवीत, कारण पीठ वाहणाऱ्यालाही पोट असतंच. २० दिवसांसाठी? आणखी २०० माणसं! ४० दिवसांत तर हमाल स्वतःच्या डोक्यावरचं सगळं ओझं एकटाच खाऊन टाकतो. बैल किंवा गाढवं न्यावीत, तर जनावरांना जीवघेणा रोग देणाऱ्या त्सेत्से माशीच्या पट्ट्यात ती मरायची.

म्हणून सफारीची वाट आखताना सिंह कुठे आहेत याच्याइतकंच धान्य कुठे मिळेल हे पाहावं लागे. किकुयूंची सुपीक शेतं, मोंबासाहून निघालेली रेल्वे आणि दुका, म्हणजे आपल्या 'दुकान'चाच भाऊबंद. कच्छहून आलेल्या अलीदिना विश्राम यांनी अशा दुकानांची साखळीच आतल्या मुलखापर्यंत नेली होती. तिथे पीठ मिळे, आणि त्याचे पैसे मोजले जात भारतीय रुपयांत.