गोव्याच्या रानात संशोधन करायचे असेल तर: परवाने, कागदपत्रे आणि अर्जाची वेळ

एम.एस्सी.चा प्रबंध असो की पीएच.डी., परिसंस्था, उत्क्रांती, जनुकशास्त्र किंवा वनस्पतींच्या शरीरक्रियेवर काम करणारा विद्यार्थी गोव्यात पहिल्या वर्षी बहुधा एकाच ठिकाणी अडतो, तो म्हणजे परवाना. माझेही तेच झाले. सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, उगवणाऱ्या दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीवर काम करायचे ठरले होते. मेच्या अखेरीस अर्ज दिला आणि त्यात लिहिले, ‘आवश्यकतेनुसार नमुने घेतले जातील.’ फाइल परत आली. दुरुस्त करून पुन्हा दिली. परवाना हाती पडला तेव्हा सप्टेंबर सरत आला होता, सड्यावरचे पाणी आटले होते आणि पानांवरचे ते लाल, चिकट, टाचणीच्या डोक्याएवढे थेंब सुकून गेले होते. अख्खा पावसाळा हातचा गेला.

म्हणून वेळेचे आधी सांगते. जूनमध्ये काम सुरू करायचे असेल तर अर्ज दिवाळी झाली की तयार ठेवा आणि नाताळाआधी देऊन टाका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान १२ क्रेडिटचा कोर्सवर्क असतो. त्या महिन्यांत रानात जायचे नसतेच, तेव्हा कागदांचे काम उरकून घ्यावे.

जमीन कुणाची, हे आधी बघा

अर्ज कुणाला करायचा हे जागेवर ठरते, विषयावर नाही. गोव्यात सहा अभयारण्ये आहेत: म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला, भगवान महावीर आणि चोडणचे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य. शिवाय मोलेचे राष्ट्रीय उद्यान. यांपैकी कुठेही अभ्यासासाठी पाऊल टाकायचे तर वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२च्या कलम २८खाली मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो. वन्यजीवांचा अभ्यास आणि वैज्ञानिक संशोधन ही दोन्ही कारणे त्या कलमात स्पष्ट लिहिलेली आहेत.

अभयारण्याबाहेरच्या राखीव वनासाठी त्या विभागाच्या उप वनसंरक्षकांकडे जावे. सडा, खाजन (खाडीकाठची बांध घातलेली शेतजमीन) किंवा कुळागर (सुपारी-नारळाची बाग) खासगी असेल तर मालकाचे पत्र, कोमुनिदादची, म्हणजे गावाच्या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची, जमीन असेल तर कोमुनिदादचे. देवराईचे प्रकरण थोडे वेगळे आहे. सत्तरीतल्या निरंकाराच्या राईसारख्या जागी गुडघ्यासारखी वर आलेली मुळे असलेली रानजायफळाची दलदल आहे, आणि ती टिकली ती गावाने देवाच्या नावाने राखली म्हणून. तिथे सरकारी परवाना खिशात असला तरी आधी गावकरांना, म्हणजे गावाच्या मानकऱ्यांना, भेटा. चपला कुठे काढायच्या, कुठल्या झाडाला हात लावायचा नाही, हे त्यांच्याकडूनच कळते. पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीलाही एक पत्र द्या.

पात्रता

कलम २८ पदवी विचारत नाही. पण विद्यार्थ्याचा अर्ज संस्थेमार्फतच जाऊ द्या. मार्गदर्शकांची सही, विभागप्रमुखांचे शिफारसपत्र आणि नोंदणीचा पुरावा जोडला की ‘तुम्ही कोण’ हा प्रश्न उरत नाही. पीएच.डी.च्या नोंदणीसाठी पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के, किंवा चार वर्षांच्या पदवीनंतर थेट यायचे तर ७५ टक्के लागतात. राखीव गटांना ५ टक्क्यांची सूट आहे.

गोव्यात मात्र एक प्रश्न घराघरांत निघतो, तो नागरिकत्वाचा. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारे कार्ड) असलेला विद्यार्थी इथे जन्मला, इथे शिकला, तरी जैविक विविधता कायदा, २००२च्या कलम ३ प्रमाणे तो भारतीय नागरिक नाही. संशोधनासाठी जैविक संसाधन गोळा करण्याआधी त्याला चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी घ्यावी लागते. ही मंजुरी वन खात्याच्या परवान्याहून वेगळी. एकाच प्रयोगशाळेतल्या दोन मैत्रिणींपैकी एकीला हा अर्ज लागतो आणि दुसरीला लागत नाही. हे पहिल्याच आठवड्यात मार्गदर्शकांना सांगावे, लपवू नये.

भारतीय विद्यार्थ्याने शैक्षणिक संशोधन देशातच केले तर त्याला प्राधिकरणाची मंजुरी लागत नाही. पण ऊतींचे नमुने परदेशातल्या प्रयोगशाळेत पाठवायचे म्हटले की चित्र बदलते, तेव्हा प्राधिकरणाकडे जावेच लागते. डीएनए क्रमवाचन आता देशात सहज होते, त्यामुळे शक्यतो इथेच करून घ्या.

पान तोडणे, बेडूक धरणे

बहुतेक अर्ज इथेच परत येतात. कलम २८चा परवाना आत जाण्याचा आहे, काही उचलून आणण्याचा नाही.

बेडकाच्या त्वचेवरून कापसाच्या बोळ्याने नमुना घ्यायचा असेल तर त्याला क्षणभर तरी हातात धरावे लागते. वन्यजीव कायद्याच्या व्याख्येत अनुसूचीतल्या, म्हणजे कायद्याला जोडलेल्या प्रजातींच्या यादीतल्या, प्राण्याला पकडणे म्हणजे ‘शिकार’. हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मी दचकले होते. पक्ष्यांची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणेही त्यातच येते. म्हणून पकडण्याचा परवाना कलम १२खाली वेगळा मागायचा. प्राणी अनुसूची १मधला असेल तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते.

इथे एक चूक वर्षानुवर्षे चालत आली आहे. प्रयोगशाळेत जुन्या अर्जाची प्रत हातोहात फिरते आणि त्यातली अनुसूची तशीच उतरवली जाते. २०२२च्या दुरुस्तीने अनुसूच्या सहाच्या चार झाल्या आणि ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून लागू आहे. तुमच्या प्रत्येक प्रजातीचे नाव नव्या यादीत स्वतः शोधा. पृष्ठवंशी प्राण्यावर प्रयोग असेल तर संस्थेच्या प्राणी नीती समितीची मंजुरीही लागेल.

वनस्पतींचे काम सोपे वाटते, तसे ते नसते. अभयारण्यातून वनोपज बाहेर नेण्याला कलम २९ आडवे येते. वन्यजीवांच्या आणि अभयारण्याच्या व्यवस्थापनासाठी ते आवश्यक आहे, असे राज्य सरकारला वन्यजीव मंडळाशी विचारविनिमय करून पटावे लागते. चोडणच्या खारफुटीची दहा पाने हवी असली तरी प्रश्न हाच. म्हणून प्रयोगाची आखणीच अशी करा की पान झाडावरच राहील. प्रकाशसंश्लेषण मोजणारे यंत्र पानाला चिमट्यासारखे लावता येते आणि मोजून झाले की काढता येते. खारफुटीच्या पानावर साचलेले मिठाचे कणही पान न तोडता टिपता येतात. अर्जात हे ठळक लिहा: ‘कोणताही भाग तोडला जाणार नाही.’ ज्या झाडाचे पान तोडणे टाळता येणारच नाही, ते झाड अभयारण्याबाहेर सापडते का बघा. तिथेही जमिनीच्या मालकाची किंवा वन खात्याची परवानगी लागतेच, पण कलम २९ची अडचण उरत नाही.

अर्जासोबत काय जोडावे

मुख्य वन्यजीव रक्षकांच्या नावे अर्ज, दोन-तीन पानी आराखडा, मार्गदर्शकांचे आणि विभागाचे पत्र, नोंदणीचा पुरावा, ओळखपत्राची प्रत. बरोबर येणाऱ्या प्रत्येकाचे नाव आणि ओळखपत्र, गाडीचा क्रमांकसुद्धा. वरची कुठलीही मंजुरी लागत असेल तर तिची प्रत.

सगळ्यात जास्त वेळ प्रजातींच्या तक्त्याला द्या. शास्त्रीय नाव, स्थानिक नाव, अनुसूची, किती नमुने, प्रत्येकी किती, कोणत्या पद्धतीने, कोणत्या महिन्यात आणि नंतर ते कुठे ठेवणार. ‘सुमारे’, ‘काही’, ‘गरजेप्रमाणे’ हे शब्द तक्त्यात नकोत. ‘३० बेडूक, प्रत्येकी एक बोळा, जागीच सोडणार’ असे लिहिले की फाइल वाचणाऱ्याला काय द्यायचे आणि काय नाही हे ठरवता येते. नकाशावर जागा अक्षांश-रेखांशांसह दाखवा. रात्री काम करणार असाल, कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) लावणार असाल किंवा यंत्र झाडाला बांधून ठेवणार असाल, तर तेही लिहा. ड्रोनचे नियम वेगळे आहेत, त्याचा अर्ज यात मिसळू नका.

नवी प्रजाती सापडलीच तर तिचा नमुना नियुक्त राष्ट्रीय संग्रहालयात जमा करणे जैविक विविधता कायद्याने बंधनकारक आहे. सागरी जीवांसाठी ते संग्रहालय आपल्याकडेच आहे, दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत.

परवाना मिळाला की त्यावरची मुदत आणि अटी नीट वाचा. मुदतवाढ हवी असेल तर ती संपायच्या दोन-तीन महिने आधी मागा आणि तोवर झालेल्या कामाचा अहवाल सोबत द्या. पहिल्या दिवशी परिक्षेत्र वनाधिकाऱ्यांना भेटून परवान्याची प्रत त्यांच्याकडे ठेवा. दुसरी प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून कायम बरोबर बाळगा, कारण नाक्यावरचा वनरक्षक कागद मागतो आणि त्या रानात पावसात मोबाइलला रेंज नसते.