पाणचक्कीचे चाक: ओव्हरशॉट की अंडरशॉट?

मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर, म्हणजे रूळ आणि परिसर छोट्या प्रमाणात मांडलेल्या देखाव्यावर, पाणचक्की आणि धबधबा शेजारी शेजारी मांडण्याची कल्पना इतकी मोहक असते, की चाक कोणत्या प्रकारचे हे ठरण्याआधीच डोंगराचे प्लास्टर वाळू लागते. क्रम उलटा असायला हवा. चाकाला पाणी माथ्यावरून मिळणार (ओव्हरशॉट) की तळाशी (अंडरशॉट), यावर ओढ्याची उंची, चक्कीची जागा, चाक फिरण्याची दिशा आणि त्याला मोटर जोडणे किती सोपे जाईल, हे सारे अवलंबून असते. तयार संचांतली दोन्ही प्रकारची चाके दुरून सारखीच दिसत असल्यामुळे हा घोळ सहज होतो.

ओव्हरशॉट चाकात पाणी लाकडी पन्हळीतून चाकाच्या माथ्याशी येते आणि परिघावरच्या कप्प्यांत भरते. भरलेल्या कप्प्यांच्या वजनाने चाकाची ती बाजू खाली जाते आणि तळाशी पोहोचता पोहोचता कप्पे रिकामे होतात. अंडरशॉट चाकाला कप्पे नसतात, पाती असतात. त्याचा तळ वाहत्या पाण्यात असतो आणि प्रवाहाचा जोर पात्यांना पुढे ढकलतो. म्हणजे पहिले चाक मुख्यतः पाण्याच्या वजनावर चालते, तर दुसरे त्याच्या वेगावर. जॉन स्मीटन या इंग्रज अभियंत्याने १७५२-५३ मध्ये या दोन्हींवर प्रयोग केले आणि त्यांचे निष्कर्ष १७५९ मध्ये रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेपुढे मांडले. पाणी तेवढेच आणि उतारही तेवढाच असेल, तर ओव्हरशॉट चाक सरासरीने दुप्पट काम देते, असे त्याने दाखवले आणि त्याच वर्षी त्याला या संस्थेचे कोप्ली पदक मिळाले. हे प्रयोग त्याने सुमारे २ फूट व्यासाच्या मॉडेल चाकावर केले होते, ही गोष्ट आपल्या छंदातल्या माणसांना विशेष जवळची वाटावी. तरीही अंडरशॉट चाके टिकून राहिली, कारण सपाट प्रदेशात पाणी वरून सोडण्याइतकी उंचीच नसते. पुढे १८२० च्या दशकात पाँसले या फ्रेंच अभियंत्याने पात्यांना वक्र आकार देऊन त्यांची कार्यक्षमता बरीच वाढवली.

दोन्ही चाकांतला सर्वांत महत्त्वाचा दृश्य फरक फिरण्याच्या दिशेत आहे आणि मॉडेलमध्ये नेमका तोच वारंवार चुकतो. ओढा डावीकडून उजवीकडे वाहतो आहे असे धरू. अंडरशॉट चाकाचा तळ पाण्याबरोबर उजवीकडे जातो, म्हणून समोरून पाहणाऱ्याला ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरताना दिसते. त्याच ओढ्यावरच्या ओव्हरशॉट चाकाचा माथा पन्हळीतल्या पाण्याबरोबर उजवीकडे जातो, म्हणून ते काट्यांच्या दिशेने फिरते आणि त्याचा तळ डावीकडे, म्हणजे खालच्या प्रवाहाच्या विरुद्ध, सरकतो. त्यामुळेच ओव्हरशॉट चाक खालच्या पाण्यात बुडू देत नाहीत. बुडाले तर ते पाणीच त्याला अडवते. पन्हळीतले पाणी माथ्याच्या अलीकडेच उलट वळवून कप्प्यांत सोडणारा पिचबॅक हा प्रकार या अडचणीतूनच आला, आणि आसाच्या उंचीच्या आसपास पाणी घेणारा ब्रेस्टशॉट हा मधला प्रकारही आहे. मात्र पहिल्या देखाव्यासाठी या दोन्हींच्या वाटेला न गेलेले बरे.

आता धबधब्याकडे येऊ. धबधब्याच्या धारेखालीच चाक बसवलेले देखावे पुष्कळ दिसतात आणि ते मला नेहमी खटकतात. कोणताही चक्कीवाला असे करणार नाही. धबधब्याच्या पाण्यावर त्याचा ताबा नसतो, आणि पुरात वाहून आलेला एखादा ओंडका चाकाचा चक्काचूर करील. प्रत्यक्षात धबधब्याच्या वर एक ठेंगणा बंधारा घालतात, तिथून थोडे पाणी पाटाने बाजूला काढतात, झडपेने त्याचे प्रमाण ठरवतात आणि पन्हळीतून चाकावर सोडतात. उरलेले पाणी धबधब्यावरून आपल्या वाटेने जाते आणि चाकाखालचे पाणी पुढे जाऊन ओढ्याला मिळते. म्हणून धबधबा आणि चाक एकमेकांच्या शेजारी असावेत, एकाखाली एक नसावेत. बंधारा, पाट, झडप आणि पन्हळ ही साखळी लेआउटवर दिसली, तर चक्की खरोखर चालणारी वाटते. माझ्या मते चक्कीच्या इमारतीच्या तपशिलापेक्षाही या साखळीवर अधिक वेळ खर्च करावा.

धबधब्यामुळे लागणारी उंची आपोआप मिळते, म्हणून अशा देखाव्याला ओव्हरशॉट चाकच शोभते. हिशेब सोपा आहे. खऱ्या ४ मीटर व्यासाच्या चाकासाठी पन्हळीपासून खालच्या पाण्यापर्यंत साधारण ४.५ ते ५ मीटर उंची धरावी. १:८७ या एचओ प्रमाणात चाक ४६ मिलिमीटरचे होते आणि उंची ५२ ते ५७ मिलिमीटर लागते. १:१६० या एन प्रमाणात हेच आकडे २५ आणि २८ ते ३१ मिलिमीटर होतात. एवढ्यासाठी रूळ उचलायचे म्हटले, तर २ टक्के चढावर ६० मिलिमीटर चढायला ३ मीटर लांबी खर्ची पडते. त्यापेक्षा बेसबोर्ड, म्हणजे लेआउटखालचा पायाचा फळा, कापून ओढ्याचे पात्र खाली नेणे आणि रुळांना धबधब्याच्या वरच्या अंगाला पुलावरून नेणे कितीतरी सोयीचे. अंडरशॉट चाकाला १.५ मीटरचा फरकही चालतो, म्हणजे एचओ प्रमाणात जेमतेम १७ मिलिमीटर.

चाक फिरते ठेवायचे की स्थिर, हा प्रश्न पाण्याच्या कामाआधी सोडवावा लागतो. ओव्हरशॉट चाक पाण्यापासून मोकळे असल्यामुळे त्याला मोटर जोडणे सोपे. पन्हळीच्या ओठाला पाणी म्हणून जाड ॲक्रिलिक जेलची (वाळल्यावर पारदर्शक होणाऱ्या लगद्याची) छोटी जीभ चिकटवावी आणि ती कप्प्यांना टेकू देऊ नये. अंडरशॉट चाकाची पाती मात्र पाणी म्हणून ओतलेल्या आणि घट्ट झालेल्या रेझिनमध्ये अडकतील, म्हणून पाणी ओतताना चाकाखाली एक अरुंद फट राखावी लागते आणि ती फेसाने झाकावी लागते. वेगाचेही भान हवे. स्मीटनने ओव्हरशॉट चाकाच्या परिघाला सेकंदाला सुमारे ३ फूट वेग सुचवला होता. त्या वेगाने ४ मीटरचे चाक एका फेरीला जवळजवळ १४ सेकंद घेते. लेआउटवर भिरभिरणारे चाक पंख्यासारखे दिसते, तेव्हा मिनिटाला चार-पाच फेऱ्या देणारी गिअरची मोटर घ्यावी.

चाक स्थिर ठेवणार असाल, तर एक बारकावा फार परिणाम साधतो. ओव्हरशॉट चाकात पाणी फक्त खाली जाणाऱ्या बाजूच्या कप्प्यांत असते. माथ्याजवळचे कप्पे पाण्याने चमकते दाखवावेत, खाली येता येता पाणी कमी करत न्यावे, तळाशी ते सांडताना दिसावे आणि वर चढणाऱ्या बाजूला फक्त ओली लाकडे आणि चार-दोन थेंब ठेवावेत. फिरत्या चाकाच्या कप्प्यांत मात्र असे जेल भरू नये, कारण अर्ध्या फेरीनंतर तेच पाणी उलट्या कप्प्यांत लटकताना दिसते. अंडरशॉट चाकात वरच्या अंगाला पात्यांशी पाण्याचा हलका फुगवटा आणि पुढच्या अंगाला फेसाची पट्टी एवढे पुरते.

धबधबा आणि डोह यांना एकच बाटली चालत नाही. इपॉक्सी रेझिन स्वतः पसरून सपाट होते, म्हणून ते डोहासाठी योग्य. मात्र ओतण्याआधी पात्राच्या सगळ्या फटी बुजवाव्यात, कारण रेझिन सुईच्या भोकातूनही गळते. धबधब्यासाठी जाड जेल बटर पेपरवर पट्टीसारखे पसरावे, टूथपिकने त्यात उभ्या रेघा ओढाव्यात, दुधी रंग जाऊन ते पूर्ण पारदर्शक झाले की सोलून कड्यावर चिकटवावे. पांढरा रंग पाणी खडकावर आपटते तिथेच आणि तोही जवळजवळ कोरड्या कुंचल्याने द्यावा.

जागा सपाट असेल आणि पात्र खाली नेणे शक्यच नसेल, तर अंडरशॉट चाक नि:शंकपणे निवडावे, पण मग मोठ्या धबधब्याचा हट्ट सोडावा. गुडघाभर उंचीचा बंधारा, त्यावरून सांडणारी पातळ चादर, प्रवाह अरुंद करून चाकाकडे वळवणारी दगडी भिंत आणि पुरापासून वाचण्यासाठी उंच जोत्यावर बांधलेली चक्की, असा देखावा सपाट बेसबोर्डवर पूर्णपणे पटतो.